कडू भोपळ्याची तीर्थयात्रा

आषाढी एकादशीस श्रीक्षेत्र पंढरपुरी लक्षावधी भाविकांचा मेळा जमतो. त्यांपैकी श्रीविठ्ठलाच्या चरणांवर मस्तक ठेवण्याची संधी किती जणांस लाभते? दर्शनबारी गोपाळपूरच्या दिशेने काही किलोमीटर लांब गेलेली असते आणि तीत उभे राहणाऱ्यास एक दिवस व एक रात्र सहज लागते. म्हणून असंख्य वारकरी चंद्रभागेत स्नान करतात, नगरप्रदक्षिणा करतात, मंदिराच्या कळसाकडे पाहून हात जोडतात आणि माघारी फिरतात. आळंदीपासून सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर पावसापाण्यात पायी तोडून आलेला मनुष्य मूर्ती डोळ्यांनी न पाहता गावी जातो, आणि त्याच्या मुखावर खंत नसते. पुढील वर्षी तो पुन्हा निघतो. ज्यासाठी निघाला ते दर्शन झाले नाही, तरी वारी पूर्ण झाली असे तो मानतो. तेव्हा त्याला मिळाले ते काय, आणि ते कोठे मिळाले, हा प्रश्न प्रत्येक यात्रेकरूने विचारावा असा आहे.

याच प्रश्नाची दुसरी बाजू कीर्तनातून सांगितल्या जाणाऱ्या एका जुन्या कथेत आहे. काही मंडळी तीर्थयात्रेस निघाली असता एका संताने त्यांच्यापाशी एक कडू भोपळा दिला आणि विनंती केली की, ज्या ज्या तीर्थी आपण स्नान कराल तेथे यालाही बुडी द्यावी. ही कथा पुष्कळदा तुकाराम महाराजांच्या नावाने सांगतात. मंडळींनी सांगितल्याप्रमाणे केले. भोपळ्याला गंगा घडली, यमुना घडली, गोदावरी घडली. परतल्यावर संताने तो चिरला, त्याची भाजी करविली आणि सर्वांना वाढली. भाजी पूर्वीइतकीच कडू होती.

कथा ऐकून श्रोते हसतात. तीर्थोदकाने बाहेरचे अंग धुतले जाते, अंतःकरण नव्हे, एवढा बोध घेऊन ती बहुधा सोडून दिली जाते. परंतु तसे असेल तर मग कोणीच यात्रेस जाऊ नये, घरीच बसून चित्त शुद्ध करावे, असा अर्थ होईल. आणि ज्या संतांच्या तोंडी ही कथा घातली जाते त्यांनी तर वारी कधी सोडली नाही. म्हणून भोपळा कडू का राहिला, याचा विचार थोडा अधिक करणे प्राप्त आहे.

'तीर्थ' हा शब्द तरून जाणे या अर्थाच्या धातूपासून झाला आहे. तीर्थ म्हणजे मुळात उतार, नदी ओलांडून पलीकडे जाण्याची जागा. उताराशी कोणी घर बांधत नाही. तेथे पाण्यात पाय घालावा लागतो, ओझे डोक्यावर घ्यावे लागते आणि पाण्याचा ठाव ज्याला ठाऊक आहे त्याचा हात धरावा लागतो. महाभारताच्या वनपर्वात तीर्थयात्रेचे सविस्तर प्रकरण आहे. त्यात पुलस्त्य ऋषींनी भीष्मांना केलेला उपदेश नारद युधिष्ठिराला सांगतात. यज्ञास विपुल द्रव्य व साहित्य लागते, ते राजांना व धनिकांना साध्य. दरिद्री मनुष्याला जे करता येईल आणि तरीही यज्ञाहून अधिक फल देईल असे कर्म म्हणजे तीर्थगमन, असे तेथे म्हटले आहे. देणगीदारांच्या नावांच्या फलकांसमोर उभे राहून हे वचन आठवणे काहीसे अवघड वाटते खरे. पण ते आठवावे. यात्रा ही मुळात ज्याच्याजवळ देण्यासारखे काही नाही त्याच्यासाठी सांगितली गेली.

पुढे युधिष्ठिर स्वतः यात्रेस निघतो, तेव्हा लोमश ऋषी त्याला सुचवतात की परिवार कमी कर, हलका हो. हलका झालास तर सुखाने चालशील. वनवासी असला तरी राजाच तो. त्याच्यामागे ब्राह्मण होते, नगरजन होते, आचारी होते. ज्यांना तहानभूक व वाटेचे श्रम सोसत नाहीत, ज्यांना मिष्टान्न लागते, त्यांनी परत जावे, असे युधिष्ठिराने सांगितले आणि मोजक्या सोबत्यांनिशी तो निघाला. हा प्रसंग लहानसा आहे, परंतु यात्रेचे मर्म त्यात आहे. राजाने प्रथम दान केले नाही, पूजा केली नाही. त्याने आपल्या भोवतीची सोय कमी केली.

आता भोपळ्याकडे पाहावे. त्याला तीर्थे सर्व घडली, पण वाट घडली नाही. त्याला तहान लागली नाही. संध्याकाळी अनोळखी गावात कोणाच्या ओसरीवर पथारी टाकू का, असे विचारण्याची पाळी त्याच्यावर आली नाही. कोणीतरी त्याला झोळीत घालून वाहून नेले, पाण्यात बुडविले आणि पुन्हा झोळीत ठेवले. ज्याला वाटेत कोणाची गरज पडली नाही, त्याला वाटेने काही शिकविलेही नाही.

नर्मदा परिक्रमेत ही गोष्ट फार स्पष्ट दिसते. अमरकंटकाला उगम पावून भडोचजवळ सागराला मिळणाऱ्या या नदीची लांबी सुमारे १,३१२ किलोमीटर आहे. परिक्रमावासी तिला उजव्या हाताशी ठेवून एका तीराने सागरापर्यंत जातो आणि दुसऱ्या तीराने परततो. मध्ये कोठेही पात्र ओलांडावयाचे नाही. परंपरेनुसार चातुर्मासात एका ठिकाणी राहून ही परिक्रमा तीन वर्षे, तीन महिने व तेरा दिवसांत पूर्ण करतात. अलीकडे पुष्कळजण ती काही महिन्यांतच पायी उरकतात. जवळ द्रव्य बाळगू नये, संग्रह करू नये, सदाव्रतात मिळेल तो शिधा घ्यावा किंवा भिक्षा मागावी, असा जुना दंडक आहे. गो. नी. दांडेकरांच्या 'कुणा एकाची भ्रमणगाथा' या कादंबरीमुळे मराठी वाचकांना ही वाट घरबसल्या परिचित झाली, आणि त्यानंतर नोकरीतून निवृत्त झालेली, सुस्थितीतील कितीतरी मराठी माणसे त्या वाटेने गेली.

अशा माणसाची पहिली भिक्षा विचारात घेण्याजोगी असते. आयुष्यभर त्याने दिलेले असते. देवळाला वर्गणी दिली, मोलकरणीच्या मुलाला पुस्तके दिली, दारी आलेल्याला पीठ दिले. देताना हात वर असतो आणि तो वर आहे हे देणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. आता तोच हात खाली धरून 'नर्मदे हर' म्हणत एका झोपडीच्या दारात उभे राहावयाचे. आतल्या बाईजवळ दोन भाकरींचे पीठ आहे हे दिसत असते. ती त्यातली एक भाकरी देते. ती घेताना संकोच होतो, आणि नाकारली तर तिचा अवमान होतो. घेणे किती अवघड आहे हे त्या क्षणी कळते. आणि आजवर आपल्या दारातून जे घेऊन गेले त्यांना काय वाटले असेल, हेही प्रथमच कळते.

शूलपाणीच्या झाडीविषयी तर परिक्रमावासींच्या कितीतरी कथा आहेत. तेथे जवळचे सर्व काही काढून घेतले जाई, अंगावर लंगोटी तेवढी राही, आणि ही मैयाचीच इच्छा असे यात्रेकरू मानीत. (त्या डोंगरात राहणाऱ्या भिल्लांच्या दारिद्र्याचा विचार या कथांत क्वचितच आढळतो, ही उणीव नोंदविली पाहिजे.) पुढच्या पाड्यावर कोणीतरी कांबळे दिले, पेज दिली, असेही अनुभव सांगितले जातात, पेज देणाराही त्याच डोंगराचा, तितकाच गरीब. आता सरदार सरोवराच्या जलाशयाखाली तीरावरची जुनी पायवाट पुष्कळ ठिकाणी गेली आहे आणि परिक्रमावासींना दूरच्या मार्गांनी जावे लागते. बुडालेल्या गावांतील माणसांनाही आपले सारे सोडावे लागले, आणि ते त्यांनी यात्रा म्हणून सोडले नव्हते.

येथे एक शंका उत्पन्न होते. ज्या वनपर्वात तीर्थयात्रेचा महिमा सांगितला आहे, तेथेच तीर्थाचे फल कोणाला मिळते याचीही लक्षणे दिली आहेत. ज्याचे हात, पाय व मन स्वाधीन आहे, जो अहंकारापासून दूर आहे, जे मिळेल त्यात संतुष्ट आहे, आणि जो प्रतिग्रह करीत नाही, त्याला ते मिळते. प्रतिग्रह म्हणजे दान स्वीकारणे. मग भिक्षा घेणारा परिक्रमावासी फलाला मुकतो काय? दोहोंतील भेद लक्षात घेतला पाहिजे. प्रतिग्रहाने घरात भर पडते. आपली विद्या, आपला अधिकार किंवा आपले पावित्र्य पुढे करून तो मिळविला जातो, आणि घेणारा स्वतःस देणाऱ्याहून श्रेष्ठ समजू शकतो. भिक्षेत उद्यासाठी काही उरत नाही. मिळाले तेवढे खाल्ले, पुढे निघाले. जो 'मिळेल त्यात संतुष्ट' असे ग्रंथ म्हणतो, त्याला कोणाकडून तरी मिळालेच पाहिजे. निषिद्ध आहे तो साठा, आणि साठ्याबरोबर येणारा ताठा.

पंढरीच्या वारीत भिक्षा नाही. दिंडीतील वारकरी आपली भिशी भरतो, दिंडीचा मालमोटारीतून येणारा स्वयंपाक असतो, तंबू असतात. तरीही त्या वाटेवर घेण्यावाचून गत्यंतर नाही. गावोगावी लोक पिठले-भाकरी घेऊन उभे असतात. नाभिक मंडळी विनामूल्य दाढी करून देतात, चर्मकार तुटलेली पायताणे शिवून देतात, कोणी फोड आलेल्या पायांना तेल लावून चोळतो. पाय चोळून घेणारा एखादा बागाईतदार असतो, चोळणारा त्याच्याहून कितीतरी लहान मिळकतीचा. इतर दिवशी हे दृश्य उलटे असते. दोघेही एकमेकांना 'माउली' म्हणतात आणि एकमेकांच्या पाया पडतात. सवयीने पडतात असे कोणी म्हणेल. परंतु सवयीचाही कणा असतो. अठरा-वीस दिवस दिवसातून शंभर वेळा जो वाकतो, त्याच्या पाठीला वाकणे ठाऊक होते.

२०२० साली महामारीमुळे पायी वारी होऊ शकली नाही. संतांच्या पादुका एस.टी. बसने पंढरपुरास नेण्यात आल्या. २०२१ सालीही बहुतांश तसेच झाले. पादुका वेळेवर पोहोचल्या, एकादशी चुकली नाही, महापूजा यथासांग झाली. तरी घरी बसलेल्या वारकऱ्यांना जी हुरहुर लागली ती केवळ मूर्तीच्या दर्शनाची नव्हती. ते दर्शन तर दूरचित्रवाणीवरून घरोघरी घडले होते. चुकला होता तो दिवे घाट, चुकले होते नीरा नदीतले पादुकांचे स्नान, वाखरीचे रिंगण, रात्री शाळेच्या पडवीत शेजारी झोपलेल्या परगावच्या माणसाचे घोरणे.

परंतु वाट चालले म्हणजे मनुष्य बदलतोच, असेही म्हणता येत नाही. श्रीविठ्ठल मंदिराच्या महाद्वारापाशी, नामदेव पायरीसमोर, संत चोखामेळा यांची समाधी आहे. ज्यांना मंदिरात प्रवेश नव्हता त्या चोखोबांचे अभंग गात सुमारे सहा शतके लोक त्या समाधीवरून आत गेले. त्यांच्यातले कितीतरी थोर भक्त होते, पायी चालून आलेले होते. दार मात्र बंदच राहिले. ते उघडावे म्हणून साने गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि मे १९४७ मध्ये पंढरपुरात प्राणांतिक उपोषण आरंभिले. त्याच वर्षी अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी मंदिर खुले झाले. समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे वारीस गेल्या होत्या. त्या अनुभवावरील 'वाटचाल' या लेखात त्यांनी वारीतला आनंद तर नोंदविलाच, पण आपल्या दिंडीत ब्राह्मण व इतर एकत्र चालतात, एकत्र भजन करतात, आणि भोजनाला मात्र वेगवेगळे बसतात, याची व्यथाही त्यांनी लपविली नाही.

असे का झाले? पाय सर्वांबरोबर चालले, कंठ सर्वांबरोबर गायला. हाताने मात्र निवड केली. कोणाच्या हातचे पाणी घ्यावयाचे आणि कोणाच्या हातचे नाही, हे घरून ठरवून आणलेले ओझे होते, आणि लोमशांचा सल्ला त्या ओझ्यापर्यंत पोहोचला नाही. भोपळ्याचा कडवटपणा उरतो तो नेमका या ठिकाणी उरतो. उपाशी असतानाही ज्याच्या हातचे आपण घेत नाही, तो मनुष्य वाटेत भेटला असे म्हणता येत नाही.

पैठणचे संत एकनाथ महाराज यांच्या चरित्रातील एक प्रसंग सर्वश्रुत आहे. काशीहून गंगोदकाची कावड घेऊन ती रामेश्वरास अर्पण करावयाची, ही फार जुनी व खडतर यात्रा. नाथ व सोबतची मंडळी वाळवंटातून जात असता तहानेने तडफडणारे एक गाढव दिसले. नाथांनी आपल्या कावडीतील गंगाजल त्याच्या मुखात ओतले. सोबत्यांनी हळहळ केली: इतक्या दुरून आणलेले जल, रामेश्वर अद्याप दूर, आणि यात्रा वाया गेली! नाथांना तेथेच रामेश्वर भेटला होता.

या कथेतील भूतदया नेहमी सांगितली जाते. कावड कोणाच्या खांद्यावर होती याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. ती नाथांच्या स्वतःच्या खांद्यावर होती. त्या वाळूत तहान म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून माहीत नव्हते. कावड भाडोत्री माणसाकडून आणविली असती आणि स्वतः मेण्यात बसून निघाले असते, तर ते गाढव कदाचित दिसलेही नसते. दिसले असते तर आणवणावळीचा हिशेब आड आला असता. पुढे याच नाथांनी पितरांच्या श्राद्धाचा स्वयंपाक दारावरून जाणाऱ्या अंत्यजांना जेवू घातला आणि त्यासाठी गावातील ब्राह्मणांचा रोष पत्करला, असे चरित्रकार सांगतात. घरच्या अंगणातही त्यांनी तेच केले.

आज बहुतेक भाविक वाहनाने येतात. वृद्धांना, आजाऱ्यांना, लहान मुलांच्या मातांना दुसरा मार्ग नाही, आणि दोन दिवसांच्या सुटीत चार क्षेत्रे करणाऱ्या नोकरदारालाही दोष देणे योग्य नव्हे. यात्रा कंपनी निवास पाहते, भोजन पाहते, दर्शनाचा पास आधीच काढून ठेवते. सोय वाईट नाही. पण सोय जितकी संपूर्ण, तितका यात्रेकरू झोळीतल्या भोपळ्याच्या जवळ जातो, हे ओळखून असावे. सर्वच सोय टाकता येत नसेल तर थोडी टाकता येते. पास हातात असूनही सामान्य बारीत उभे राहता येते. बारीत पुढे उभ्या असलेल्या अनोळखी आजीबाईंनी फडक्यात बांधून आणलेली चटणी-भाकरी पुढे केली, तर 'नको, नको, आमचे झाले आहे' असे न म्हणता ती घेता येते.

अन्नछत्राला देणगी देणारे सज्जन पुष्कळदा एक दिवस वाढावयास येतात. पदर खोचून, ओगराळे हाती घेऊन ते मनापासून वाढतात, आणि ही सेवा मोठीच आहे. मात्र त्याच पंगतीत पान घेऊन बसा, असे कोणी म्हटले तर ते थोडे थबकतात. आपल्यामुळे एखाद्या गरजू माणसाचे पान कमी होईल, असे ते सांगतात. ते खरेही असेल. तरी एकदा बसावे. उजवीकडे कोण, डावीकडे कोण, हे न विचारता बसावे, वाढपी येईपर्यंत थांबावे, आणि आमटी दुसऱ्यांदा हवी असल्यास ती मागावी.

काशीयात्रेहून परतल्यावर मावंदे घालण्याची रीत महाराष्ट्रात अजून आहे. गंगेच्या गडूची पूजा होते, आप्तेष्ट जमतात, यात्रेकरूच्या पाया पडतात, आणि तो सर्वांना भोजन देतो. कोणाकोणाला बोलवावयाचे, याची यादी घरात आधीच केलेली असते. वाट चालून आलेल्या माणसाने ती यादी हातात घ्यावी आणि वाचून पाहावी. एखादे नाव त्यात कधीच नव्हते, हे त्याला या वेळी दिसते काय?